खोट्या आगीची परवानगी

इमारतीत आगीची तालीम घ्यायची, असं बाईंनी सोसायटीच्या सभेत जाहीर केलं, तेव्हा सभेचं पहिलं मत पडलं, "कशाला?" आणि दुसरं पडलं, "रविवारी नको."

बाई सोसायटीच्या सेक्रेटरी. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. पण ती बातमी त्यांच्या आवाजापर्यंत अजून पोचली नव्हती. जिन्यात त्या नुसत्या खाकरल्या तरी नातवंडं असलेले गृहस्थ हातातली सिगारेट पाठीमागे लपवत. त्यांच्या यजमानांना इमारतीत कुणी नावानं ओळखत नसे. बाहेर ते 'बाईंचे मिस्टर' होते आणि घरात 'अहो' होते. दोन्ही हुद्दे त्यांनी आजवर विनातक्रार सांभाळले होते.

"कशाला म्हणजे?" बाई कडाडल्या. "उद्या आग लागली तर काय कराल?"

"पळू की," मागून कुणीतरी म्हणालं.

"कुठून?"

निम्म्या सभेनं लिफ्टकडे बोट दाखवलं. बाईंनी कपाळाला हात लावला आणि ठराव मंजूर झाल्याचं त्याच हातानं लिहून टाकलं.

सोसायटीचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. दिवसभर आ वासलेल्या माणसांशी बोलायची सवय असल्यामुळे आपल्याला कुणी उलट उत्तर देऊ शकतं, ही कल्पनाच त्यांना नव्हती. "माझा सल्ला विचाराल तर," ते म्हणाले (कुणीच विचारला नव्हता), "आग खालून वर जाते. तेव्हा तालीमही खालूनच सुरू करा." सगळ्यांनी माना डोलावल्या. याचा अर्थ काय, ते आजपर्यंत कुणाला कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाई अग्निशमन केंद्रात जाऊन थडकल्या आणि पाहताक्षणी त्या जागेच्या प्रेमात पडल्या. लाल गाड्या तोंडं रस्त्याकडे करून उभ्या होत्या. धुतलेले होस पाइप उंच मनोऱ्यावरून वाळत लोंबत होते. भिंतीशी गमबुटांची रांग होती आणि प्रत्येक जोडावर पँट आधीच चढवून ठेवलेली, म्हणजे जवानानं नुसते पाय घालायचे आणि उभं राहायचं. ही युक्ती शाळेच्या गणवेशाला लावता आली असती तर आपल्या आयुष्यातल्या किती प्रार्थना वेळेवर सुरू झाल्या असत्या, या विचारानं बाईंना भरून आलं.

केंद्राचे साहेब किडकिडीत होते आणि आत्ताच झोपेतून उठल्यासारखे शांत बोलत. बाई समोर बसल्या आणि फोन वाजला. कुणाची तरी मांजर पाण्याच्या टाकीमागे अडकली होती. एक गाडी गेली. बाईंनी विषयाला हात घातला, तोच बोट सुजलेला एक माणूस चालतच आत आला. अंगठी निघत नव्हती. एका मिशाळ जवानानं त्याच्या बोटाला दोरा गुंडाळायला घेतला. तोवर पुन्हा फोन. एक आई दाराबाहेर, दार आपोआप लागलेलं, आत तान्हं मूल आणि गॅसवर कुकर. ती गाडी मात्र अशी सुटली की बाई नकळत उभ्या राहिल्या.

"आणि आग कधी लागते?" त्यांनी विचारलं.

"लागते अधूनमधून," साहेब म्हणाले. "पण माणसं अडकतात जास्त. लिफ्टमध्ये, ग्रिलमध्ये, अंगठीत. तालमीला आम्ही आनंदानं येऊ. फक्त मुख्य कचेरीतून परवानगी आणा."

मुख्य कचेरीत पहिल्या खिडकीवरच्या माणसानं विचारलं, "आग कुठल्या प्रकारची?"

"खोटी."

"मग इथे नाही. इथे फक्त खरी."

"खऱ्या आगीलाही परवानगी लागते?"

"नाही, ती विनापरवाना चालते. खोटीला लागते," तो माणूस अतिशय समजूतदारपणे म्हणाला.

पुढच्या खिडकीवर विचारणा झाली की आग सोसायटीच्या आवारात लागणार की रस्त्यावर पसरणार. पसरणार असेल तर वाहतूक खातं वेगळं. त्यापुढच्या टेबलावर कारकून महिलेनं विचारलं, "मागच्या खोट्या आगीचा दाखला आणलाय का?" आयुष्यभर इतरांना बाकावर उभं करणाऱ्या बाई त्या दिवशी इतक्या ठिकाणी उभ्या राहिल्या की घरी आल्यावर यजमानांनी गरम पाण्याची बादली पुढे केली. पण परवानगी मिळाली.

मग प्रश्न आला, वाचवायचं कुणाला? दुसऱ्या मजल्यावरून एका माणसाला शिडीनं उतरवून दाखवायचं ठरलं होतं. इच्छुक पुष्कळ होते, पण प्रत्येकाची एक अट होती. पहिल्या मजल्यावरच्या काकूंना उतरायचं होतं, पण शिडीवरून नाही. शिकवणीवाले सर तयार होते, पण त्यांच्या सौभाग्यवतींनी विचारलं, "खरंच पडले तर?" आणि त्या स्वरात काळजीपेक्षा चौकशी जास्त वाटल्यानं सरांनी माघार घेतली. अध्यक्षांचं म्हणणं पडलं की अध्यक्षाला वाचवावं, पण सर्वांत शेवटी. म्हणजे शोभा राहील.

बाईंनी सगळ्यांना घरी धाडलं आणि उशा, चिंध्या, जुनी वर्तमानपत्रं भरून एक पुतळा केला. खुंटीवरची यजमानांची पँट त्याला चढवली, वर त्यांचाच चौकड्यांचा शर्ट.

"माझीच पँट का?" यजमानांनी विचारलं.

"तुम्ही घरातच असता म्हणून," बाई म्हणाल्या. इमारतीनं एकमतानं पुतळ्याचं नाव 'मिस्टर' ठेवलं. "बाई, मिस्टरांचं डोकं जरा कलतंय," असं कुणी जिन्यात म्हणालं की दोघंही मान सरळ करत. म्हणजे एक करत, दुसऱ्याची बाई करत.

तालमीच्या सकाळी बाईंनी सेनापतीसारखी कामं वाटली. यजमानांच्या हातात स्टॉपवॉच दिलं आणि काहीही झालं तरी त्यावरून नजर हलवायची नाही, अशी ताकीद दिली. वाचवलेल्या मिस्टरांना नेण्यासाठी ओळखीच्या दवाखान्याची रुग्णवाहिका फाटकाशी उभी केली. साहेबांना बाजूला घेऊन सांगितलं, "मी चौथ्या मजल्यावर आमच्या गॅलरीत भोंगा घेऊन उभी राहणार. अधूनमधून मुद्दाम 'वाचवा, वाचवा' ओरडेन. तुमच्या जवानांची एकाग्रता बघायला. अजिबात लक्ष देऊ नका."

"बरं," साहेब म्हणाले. त्या शब्दाला ते जागले, हीच पुढची सगळी भानगड.

वर जाऊन बाईंनी जवानांच्या चहासाठी मोठ्या पातेल्यात दूध गॅसवर चढवलं, माणसांची घरातून ये-जा नको म्हणून लॅचचं दार ओढून घेतलं आणि भोंगा उचलून गॅलरीत गेल्या. घंटा वाजली. इमारत खाली उतरू लागली. उतरली कसली, ओघळली. काकू येताना चष्मा, दुसरा चष्मा आणि इस्त्रीचे कपडे घेऊन आल्या. शिकवणीवाले सर अर्ध्या दाढीनिशी आले. अध्यक्ष लिफ्टनं आले.

"जिन्यानं!" बाई भोंग्यातून गरजल्या. "डॉक्टर, परत वर जा आणि जिन्यानं या!"

अध्यक्ष परत वर गेले. लिफ्टनं.

तेवढ्यात सायरन वाजवत लाल गाडी फाटकातून आत आली आणि बाई सगळं विसरल्या. जवान उड्या टाकून उतरले, पाइप फरशीवर सळसळत उलगडला, शिडी सरसर लांबत दुसऱ्या मजल्याच्या खिडकीला जाऊन टेकली. एक तरुण महिला जवान खारीसारखी वर चढली आणि तिनं मिस्टरांना अलगद खांद्यावर घेतलं. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी गॅलरीत अक्षरशः एक उडी मारली. त्याच वेळी वाऱ्याचा झोत आला आणि मागचं गॅलरीचं दार धाडकन आपटलं. हे दार आपटलं की त्याची कडी आतून आपोआप पडते, हे यजमान बरेच दिवस सांगत होते. बाई बरेच दिवस ऐकत नव्हत्या.

जळक्या दुधाचा वास आला तेव्हा त्या वळल्या. दार ढकललं. हललं नाही. काचेतून पाहिलं, तर दूध उतू जाऊन, आटून, पातेलं काळंठिक्कर पडलेलं. शेजारच्या हातपुसण्यानं पेट घेतलेला आणि खिडकीचा पडदा त्याच्याकडे झुकून जणू चौकशी करत होता.

बाईंनी भोंगा तोंडाला लावला. "मी अडकले आहे! घरात आग लागली आहे!"

खालून टाळ्यांचा कडकडाट झाला.

"अहो, खरंच लागली आहे!"

"वा!" काकू म्हणाल्या. "आवाजातली थरथर बघा."

आता स्वयंपाकघराच्या खिडकीतून काळा धूर निघू लागला. लोक भारावून गेले. "धूर कुठून आणला असेल हो?" "नाटकवाल्यांकडे यंत्र मिळतं." "पण रंग काय जमलाय!" साहेबांनी एकदा वर पाहिलं, दिलेला शब्द आठवला आणि ते पुन्हा मिस्टरांना स्ट्रेचरवर कसं झोपवावं ते समजावू लागले. मिस्टरांना पट्टे बांधले, पांघरूण घातलं आणि रुग्णवाहिका सायरन वाजवत निघूनही गेली.

"हे नाटक नाही!" बाई किंचाळल्या.

"हे वाक्य तर कळस आहे," अध्यक्ष म्हणाले. ते नुकतेच जिन्यानं उतरून आले होते आणि धापा टाकत होते.

पाठीला काच तापलेली लागत होती. खाली माणसांनी भरलेलं आवार, त्यात आग विझवणारे जवान, पाण्यानं भरलेली गाडी, आणि आपण चौथ्या मजल्यावर, इतक्या मोठ्या आवाजानिशी, एकट्या. ज्या आवाजानं हजार पोरं गप्प केली, त्यावर आज एकही माणूस विश्वास ठेवेना. भोंगा हातातून सुटून खाली कुंडीत पडला. त्या साध्या, फाटक्या आवाजात ओरडल्या, "अहो! चुकलं माझं! दाराचं तुम्ही सांगत होतात... चुकलं माझं!"

टाळ्या झाल्या. पण स्टॉपवॉचवरून एक नजर हलली.

यजमान धावत साहेबांपाशी गेले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी सरकारी माणसाची बाही धरली. "साहेब, आग खरी आहे."

"कशावरून?"

"ती आत्ता 'चुकलं माझं' म्हणाली. दोनदा. तालमीसाठी ती हे वाक्य खर्च करणार नाही."

साहेबही विवाहित असावेत. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. सरळ शिट्टी फुंकली. त्या शिट्टीत असं काही होतं की जवानांचे चेहरेच बदलले. झोपाळू साहेबांचा आवाज चाबकासारखा फुटला. "शिडी चौथ्यावर! दोघं जिन्यानं वर! घराची किल्ली कुणाकडे?"

"माझ्याकडे," यजमान म्हणाले आणि खिशात हात घालून तसेच थिजले. "माझ्या पँटीत."

"मग द्या ना!"

"ती पँट... आत्ताच दवाखान्यात गेली."

साहेबांनी एकदाच डोळे मिटले. "पहार घ्या," ते म्हणाले.

शिडी वर येताना बाईंना दिसली आणि तिच्या टोकावर तीच महिला जवान. ती कठडा ओलांडून गॅलरीत उतरली आणि दारापाठीमागच्या धुराकडे एक नजर टाकून तिनं बाईंच्या कमरेला पट्टा अडकवला.

"खांद्यावर घेऊ, की स्वतः उतराल?"

बाईंच्या डोळ्यांसमोर खांद्यावरचे मिस्टर उभे राहिले. पाय एकीकडे, डोकं दुसरीकडे. "मी स्वतः उतरेन," त्या म्हणाल्या.

"मग तोंड शिडीकडे. खाली बघायचं नाही. मी तुमच्या खालच्या पायरीवर आहे. एकेक पाय, आणि माझ्याशी बोलत राहायचं."

"काय बोलू?"

"काहीही. काय शिकवायचात?"

"भूगोल."

"मग नद्या सांगा."

बाई नद्या सांगत उतरू लागल्या. पहिल्या नदीला त्यांनी शिडी दोन्ही हातांनी कवटाळली होती. तिसऱ्या मजल्याशी आल्या तेव्हा वरून दार फुटल्याचा आवाज आला, मग "गॅस बंद!" अशी आरोळी, मग फस्सकन काहीतरी विझल्याचा. कानाशी वारा होता, हाताखाली थंड लोखंड होतं, आणि दुसऱ्या मजल्याच्या आसपास बाईंच्या लक्षात आलं की आपल्याला भीती वाटत नाहीये. आपल्याला मजा येते आहे! त्यांनी नद्या संपवल्या आणि न सांगता उपनद्या सुरू केल्या. जमिनीला पाय लागले तेव्हा त्या जवळजवळ हळहळल्या.

यजमान समोर उभे होते. स्टॉपवॉच चालूच होतं. "लागलं का कुठे?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुम्ही घड्याळ का नाही थांबवलंत?"

"तू सांगितलं नव्हतंस," ते म्हणाले आणि त्यांनी मान वळवली. बाईंनी भर आवारात त्यांचा हात धरला. इमारतीनं पुन्हा टाळ्या वाजवल्या.

रुग्णवाहिकाही परत आली. दवाखान्यातल्या खिडकीवर मिस्टरांचं वय विचारलं होतं, ते चालकाला सांगता येईना, म्हणून पेशंट परत पाठवला होता. पँटीच्या खिशातली किल्ली यजमानांच्या हाती आली. आता तिला लावायला कुलूप नव्हतं.

अध्यक्षांनी घसा साफ केला. "बंधुभगिनींनो! आज आपल्या बाईंनी जो अभिनय केला, तो..."

बाईंनी आवाराकडे पाहिलं. सगळे हसरे चेहरे, हातात चष्मे, इस्त्रीचे कपडे. गप्प राहिलं असतं तर वर्षभर कौतुक पुरलं असतं. एक क्षण मोहही झाला.

"डॉक्टर, थांबा," त्या म्हणाल्या. "अभिनय नव्हता तो. गॅसवर दूध ठेवून मी विसरले. माझं घर जळत होतं आणि तुम्ही सगळे टाळ्या वाजवत होतात."

काकूंनी हळूच हातातले कपडे खाली ठेवले. "म्हणजे बाई," त्या घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही गेलाच असता की! आणि मी आवाजातली थरथर..." मग शिकवणीवाले सर, अर्ध्या दाढीनिशी, पुढे आले. "साहेब, ते लाल नळकांडं भिंतीवर असतं ना आमच्याकडे... ते उघडतात कसं?"

"मलाही दाखवा," काकू म्हणाल्या. "आधी मला," आणखी कुणी. बघता बघता जवानांभोवती ही गर्दी झाली. पिन ओढायची, नळी जाळाच्या बुंध्याशी रोखायची, धुरात वाकून चालायचं, लिफ्टला हात लावायचा नाही. परवानगीच्या कागदावरची वेळ केव्हाच टळून गेली होती. मिशाळ जवान घसा बसेपर्यंत बोलत होता. मध्येच वायरलेस खरखरला, कुठेतरी कुणी लिफ्टमध्ये अडकलं होतं, आणि गाडी चहा न घेताच भुर्रकन निघून गेली. तसंही दूध नव्हतंच.

जाता जाता साहेब खिडकीतून ओरडले, "शनिवारी केंद्रावर या बाई! नागरिकांचं प्रशिक्षण असतं."

बाई गेल्या. यजमानांना घेऊन गेल्या, आणि त्यांच्यामागून निम्मी इमारत गेली. मैदानाच्या टोकाला एक पिंप ठेवलं होतं, ते पाण्याच्या माऱ्यानं पाडायचं. साहेबांनी पितळी तोंडाचा जाडजूड पाइप बाईंच्या हातात दिला. "हा मागे ढकलतो. त्यामुळे मागे एक माणूस घट्ट धरायला लागतो. कोण येतंय?"

यजमान पुढे आले आणि सगळ्यांदेखत त्यांनी बाईंच्या कमरेला विळखा घातला. बाई लाजून लाल झाल्या. त्यांच्या माजी विद्यार्थ्यांनी हे पाहिलं असतं तर त्यांचा शिक्षणावरचा विश्वास उडाला असता.

"माझा सल्ला विचाराल तर," पिंपाच्या बाजूला उभे राहून अध्यक्ष सांगत होते, "कोन जरा डावीकडे..."

"सोडा पाणी!" बाई ओरडल्या.

पाणी आलं ते गर्जना करत आलं. पाइप जिवंत झाल्यासारखा उसळला, बाई मागे रेलल्या, यजमान टाचा रोवून उभे राहिले, आणि दोघं मिळून पायाखालच्या चिखलात घसरत, नाचत, गोल फिरू लागले. समोर पांढराशुभ्र लोळ होता, त्यात ऊन चमकत होतं, आणि बाई लहान मुलीसारख्या खिदळत होत्या.

"अहो, सोडू नका हं! अजिबात सोडू नका!"

"सोडत नाही," यजमान त्यांच्या कानाशी ओरडले. "पण आता नळ बंद करायला सांग. डॉक्टर दिसेनासे झालेत."